सानवीच्या गाडीचा प्रेशर सेन्सर

४ डिसेंबर, गुरुवार

तीन बार! तीन बार! कान किटले माझे. सानवी म्हणते, तीन बारपर्यंत दाब मोजणारा सेन्सर घेऊ. गॅरेजवाले विक्रमसिंहभाई म्हणतात, "बेन, तीन बारनुं नाखी दो ने! टेन्शन नहीं." अरे पण तीनचा का टाकायचा? सुपरचार्जर बसवलाय हे खरं, पण तो इंजिनात जादा हवा कोंबणार ती पाऊण बारसुद्धा नाही. गाडीसोबत आलेला सेन्सर त्याला पुरणार नाही, कबूल. म्हणून थेट तीन? अर्धा लिटर दूध मापायला कोणी बादली घेतं का!

मी चिडते ती उगाच नाही. हा सेन्सर हवेचा दाब सांगणार, त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडणार. सेन्सर चुकला, पेट्रोल कमी पडलं, की भर वेगात इंजिन वितळतं. आणि १४ तारखेला धावपट्टीवरच्या शर्यतीत त्या गाडीत माझी मुलगी बसणार आहे. लेकीला आणि विक्रमसिंहभाईंना ते दिसतच नाही.

५ डिसेंबर

आज जेवायच्या सुट्टीत मोबाइलवर सेन्सरच बघत बसले. डबा तसाच परत. एकाला पाच तारे, खाली लिहिलंय, "मस्त सेन्सर, दोन दिवसांत बंद." दुसऱ्याचा फोटो वेगळा, नंबर वेगळा. कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकता तपासल्याचा, कागद एकाकडेही नाही. नंदेसरीला आमच्या केमिकल प्लांटच्या गेटातून असा माल मी आत येऊ दिला नसता.

रात्री सलील म्हणाला, "आज आपण दाब हा विषय सोडून आमटी खाऊ या का?" विनोद सुचतात याला! नवरा म्हणून दोन दिवस तरी काळजी करावी माणसाने.

७ डिसेंबर

ठरलं. शून्य ते एक बार. आमच्या प्लांटला माल देतो त्याच्याकडून — स्टेनलेस स्टील, कॅलिब्रेशनच्या कागदासकट. याला म्हणतात वस्तू.

सानवी म्हणाली, "आई, हा गाडीचा आहे पण?"

"दाब तो दाब गं! रिॲक्टरचा काय नि गाडीचा काय. आयुष्य गेलं माझं यात."



९ डिसेंबर

डोकं फिरलंय. संध्याकाळी गॅरेजमध्ये सेन्सर बसवला. इंजिन बंद, नुसती किल्ली फिरवली, स्क्रीनवर शून्य! जरासुद्धा इकडेतिकडे नाही. विक्रमसिंहभाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. मग स्टार्टर मारला तर खोकते, खोकते, पण पेटत नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच!

सेन्सर तर अचूक. म्हणजे वायरिंग. वायरिंग सानवीचं. तिने सगळे जोड उलगडून परत केले, तरी तेच. मी बोलले — जरा जास्तच बोलले. "प्रत्येक वेळी माझंच कसं चुकतं गं?" म्हणाली. "कारण तू घाई करतेस," म्हटलं मी. सगळ्यांच्या देखत. ती तिथेच राहिली, मी रिक्षाने नागरवाड्यात घरी.

१० डिसेंबर

सानवी मला न भेटताच बाहेर पडली. माझा चहा मात्र झाकून ठेवला होता.

११ डिसेंबर

सकाळी पोहे खाताना एकदम म्हणाली, "आई, इंजिन बंद असतं तेव्हा आत हवा असते ना?"

"असणारच. बाहेर असते तशीच."

"मग स्क्रीनवर शून्य होतं. ती हवा कुठे गेली?"

बरोबर होतं पोरीचं. प्लांटमध्ये आमचे सगळे सेन्सर बाहेरच्या हवेला शून्य धरतात. तिच्यापेक्षा दाब किती जास्त, तेवढंच आम्ही मोजतो. शून्य आलं की सही करायची, पुढे जायचं. गाडीचा कॉम्प्युटर मोजतो थेट पोकळीपासून. त्याच्या हिशेबी बाहेरची हवा हाच एक बार! माझं ते देखणं शून्य गाडीला सांगत होतं, हवाच नाही. हवा नाही तर पेट्रोल नाही. बिचारी पेटणार कशी!

आणि कशीबशी पेटली असती तर? पट्टीवर पूर्ण जोर लावल्यावर निम्म्याहून कमी हवा दाखवली असती माझ्या सेन्सरने. तेवढंच पेट्रोल. आत सानवी.

"सॉरी" म्हणाले. "ठीके" म्हणाली. ठीक नव्हतं काही. मग मीच म्हटलं, "आता तू निवड. मी बघणारसुद्धा नाही."

१३ डिसेंबर

गाडी चालू. तीन बारवाला, पोकळीपासून मोजणारा, बसवलाय तिने. बंद इंजिनाला बाहेरच्या हवेचा बरोबर आकडा दाखवतो म्हणे. "में तो कह्युं'तुं, बेन!" हे विक्रमसिंहभाईंकडून ऐकून घ्यावं लागलं, घेतलं.

सानवीने विचारलं, "बघायचंय तुला?" जीव नुसता तडफडत होता. कागद कुठाय, कोणी तपासला, किती वेळा! "नको," म्हटलं. देवा, पोरीला जप.

१४ डिसेंबर, रविवार

शेवटून पहिली आली. सेन्सर अचूक निघाला, अर्ध्या पट्टीवर दमला तो पेट्रोलचा पंप! त्याच्याकडे आम्ही कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पेट्रोल कमी पडतंय हे तिला स्क्रीनवर दिसलं, शेजारची गाडी पुढे पळत होती, आणि तिने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. स्वतःहून. मी हे कधी शिकवलं नव्हतं तिला. इंजिन शाबूत, पोर शाबूत.

हरले म्हणून गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मी तिला घट्ट धरून हसत होते, आणि काही केल्या थांबता येईना.