चिमणीचं माप

१२ जून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींचा खोकला थांबला, शिवणाच्या दुकानात नवं मशीन आलं, कामाला उसंत नाही. म्हणशील, इतक्या महिन्यांनी ताईला मशीनच सुचलं होय? दुसरं लिहायला हात धजत नव्हता, म्हणून.

चिमणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. तिच्या मानेवर काळपट पट्टा होता बघ. मळ समजून मी तो रोज घासायची, ती रडली तरी. बाई म्हणाल्या, "अहो, हा मळ नाही. वजन फार वाढलं की काही मुलांची मान अशी काळवंडते." मग उंची, वजन, रक्त, सगळं तपासलं. "वेळेवर आणलंत," म्हणाल्या. मला मान वर करवेना. वेळेवर तर तू सांगितलं होतंस. जिना चढताना पोर धापा टाकते, जरा बघ, म्हणून.

जगाच्या पोरांची मापं घेते मी, पण पोटच्या पोरीला कधी टेप लावला नाही. अंदाजानेच शिवायची. घट्ट झालं की उसवायचं, कमरेला इलॅस्टिक घालायचं. विकतचा कपडा तिच्या अंगाला लागलाच नाही, मग तो होत नाही हे कळणार कसं? "खात्यापित्या घरची आहे," म्हणत मीच तिच्या ताटात आणखी वाढायची. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

तू दुकानात ते सांगितलंस तेव्हा मी तुला जे बोलले, ते इथे लिहिणार नव्हते. पण ते गिळून माफी कसली मागू? "तुला मूल नाही, तुला काय कळतंय?" असं म्हणाले. तुझा चेहरा उतरलेला दिसला, तरी शब्द मागे घेतला नाही. चिमणी पडद्यामागे कपडे बदलत होती, हेही विसरले.

डॉक्टरांकडे जायची बुद्धी कशी झाली, ते राहिलंच. मागच्या आठवड्यात दुकानामागच्या खोलीत पोर कात्री घेऊन स्वतःचाच फ्रॉक उसवत बसली होती. बोटातून रक्त येत होतं. मी ओरडले, तर म्हणाली, "आई, सैल केला की मी जाड दिसणार नाही. मग मावशी काही म्हणणार नाही आणि तू भांडणार नाहीस. मग येईल ना गं ती?"

आता घरात गोड सरबताच्या बाटल्या येत नाहीत. तिचं ताट वेगळं नाही, आम्हीही तेच जेवतो. संध्याकाळी तिघं चालायला जातो, तुझे भाऊजी कुरकुरत का होईना, येतात.

काल पहिल्यांदा तिला टेप लावला. पोट आत ओढून, श्वास कोंडून उभी राहिली. "सोड गं बाळा," म्हटलं, तरी सोडेना. चूक आईची होती, तुझी नव्हे, असं कितीदा सांगितलं. मान डोलावते, पण तिला पटत नाही. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

माझ्यासाठी येऊ नकोस, तुला बोलवायला मला तोंड नाही. तिच्यासाठी ये.

नुसती वयाने मोठी,
तुझी ताई