बाळाचा पांढरा दगड

लीड्स, ११ मार्च

आई, तुला नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा खोकला थांबला का?

फादर टियर्नी आपल्या चर्चचा इतिहास लिहिताना बाप्तिस्मा न झाल्यामुळे दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलेल्या बाळांपर्यंत पोचले आणि आता ती जागा पवित्र करणार, हे तुझ्या पत्रात वाचून मी रडले. तू विचारतेस, "आपल्या बाळाच्या खुणेचा दगड कुठला गं? बाबांनी तुलाच दाखवला होता."

दाखवला होता. पण सातव्या वर्षी मी तो भातुकलीसाठी उचलून आणला. परत नेला तेव्हा जागा आठवेना, म्हणून अंदाजाने ठेवला. बाबा शेवटपर्यंत तिथेच गुडघे टेकत राहिले. मी बोलले नाही.

तू कुठल्याही दगडापाशी थांबू नकोस, आई. सगळ्या जागेवरून हळूहळू चाल. कुठेतरी आपलं बाळ तुझ्या पायाशी असेल.

तुझी अपराधी,
अट्राक्टा