मावशी आता सभ्य बोलते

आये, तुझ्या बहिणीचं तोंड मी बंद केलं. उगाच आडवळणाने कशाला सांगू?

लालबागच्या आपल्या खोलीत आता मावशी एकटीच राहते, मी वरच्या मजल्यावर. त्याच ओट्यावर रांधते, जिथे तू गिरणीतल्या गाववाल्यांची खाणावळ चालवायचीस. एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तापाने पडलेला एक साचेवाला, गिरणीत मागावर काम करणारा, बऱ्याच दिवसांनी भिंतीला धरत दारात येतो, आणि तू पळी घेऊन त्याच्या अंगावर जातेस, "खय मराक गेल्लंस रे मेल्या? गीळ ही पेज आधी!" तो एवढा बाप्या माणूस, पेजेच्या ताटलीत बघून रडायला लागला. मी लहान होतो, मला वाटलं शिवी लागली. तू त्याच्या पाठीवर हात ठेवून आणखी चार घातल्यास, तेव्हा कुठे तो जेवला.

तर मावशीचं तोंडही तुझ्याच घराण्यातलं. मी सहज म्हणून मोबाईलवर तिचे रांधतानाचे व्हिडिओ काढून चॅनलवर चढवायला लागलो. बांगड्याचं तिखलं करता करता ती मला फैलावर घ्यायची, "तुझ्या आवशीक खाव, खोबरा किसलंस काय नुसता बघीत ऱ्हवलंस?" लोक फिदा! कुठून कुठून मालवणी माणसं लिहायची, आमच्या आयेची आठवण इली. मलाही बरं वाटायचं. तू गेल्यापासून घरात तुझा विषय निघतो कुठे? त्या शिवीतली आई म्हणून तरी दिवसातून दहादा तू यायचीस.

मग एक दिवस तिखल्याचा व्हिडिओ गायब. कारण काय, तर शिवीगाळ आणि धमकी. कोणाच्या तरी आईला खायची धमकी म्हणे! मी त्या व्हिडिओवाल्या कंपनीकडे दाद मागितली, सविस्तर लिहिलं की बाबांनो, ही माझीच मावशी आणि माझीच आई. पाणी प्यायला उठलो तेवढ्यात नकार आला. माणसाने वाचलंच नसणार. पाठोपाठ आणखी एक व्हिडिओ गेला आणि चॅनलच बंद करू अशी तंबी मिळाली. मी घाबरून तिच्या बोलण्यावर बीप टाकायला लागलो. ते ऐकून मावशी म्हणाली, "ह्या कसला रे टूं टूं? माझ्या तोंडातसून काय गाडी रिवर्स येता?" तेव्हा आम्ही पोट धरून हसलो गं.

पण दादरच्या बाजारात लोक मला ओळखायला लागले होते, आणि ते मला सोडवेना. एकदा बीप टाकून वैतागलो आणि बोलून गेलो, "मावशी, जरा सभ्य बोल ना. लोक बघतात." ती हातातली चिंच कोळायची थांबली. "म्हणजे इतकी वर्सा मी वायट बोलत होतंय?" मी मोबाईल नीट लावत बसलो. कंपनीने नुसते व्हिडिओ हटवले, आये. मावशीला गप्प मी केलं.

आता ती म्हणते, "यानंतर आपण हळद घालणार आहोत." शाळेत कविता म्हणावी तसं. लोक विचारतात, मावशी आजारी आहे का? चॅनल मात्र शाबूत आहे.

कॅमेरा नसला तरी ती तशीच बोलते. गेल्या रविवारी तिने जेवायला बोलावलं आणि मी मुद्दाम उशीर केला. लोअर परळच्या मॉलमध्ये उगाच फिरत राहिलो. गेलो तेव्हा चहाची वेळ झाली होती आणि ती माझ्यासाठी उपाशी बसलेली. मी दारात मान खाली घालून उभा राहिलो, आता शिवी पडेल, मग पडेल. "ये. काही हरकत नाही," ती म्हणाली. "हात धुऊन घे."

हे खरं तर तिला वाचून दाखवायला हवं. ती खालच्याच मजल्यावर राहते, तू कुठे आहेस कुणास ठाऊक, म्हणून तुला लिहितोय. त्या दिवशी जेवताना मीच स्वतःला मनातल्या मनात एक सणसणीत हासडली. नाही लागली गं. आपली आपल्याला लागत नाही.