नव्या मॉडेलचा आरसा

आई, तुझी मान कुठल्या बाजूला अजिबात वळायची नाही, डाव्या की उजव्या, हे मला आता नक्की आठवत नाही. काल आप्पांना विचारलं. ते पेपर वाचता वाचताच म्हणाले, "दोन्हीकडं." मग पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "डावीकडं जास्ती. का गं?" मी म्हणाले, सहज. पण तेव्हापासून जिवाला चैन नाही. एवढी गोष्ट विसरले, तर आणखी काय काय विसरत चालले असेन, असं वाटतंय. म्हणून जे आठवतंय ते तुला लिहून टाकते.

तू लुनावरून पडलीस तो दिवस गाळपाच्या हंगामातला. मांडवगणच्या अलीकडं ट्रॉलीतून सांडलेला ऊस रस्त्यावर पडला होता, त्याच्यावरून चाक घसरलं. लसींचा डबा तू पोटाशी धरलास आणि डोक्यावर पडलीस. लोकांनी उचललं तेव्हा आधी डबा उघडून बघायला लावलंस म्हणे, बर्फ आहे ना म्हणून. मान हलू नये म्हणून गळ्यात घातलेला पट्टा सुटायला कितीतरी दिवस गेले, आणि सुटला तेव्हा मान जिथल्या तिथं धरलेली. कुणी हाक मारली की तू अख्खी वळायचीस, खांद्यांसकट. वाडीवस्तीवरच्या बायका म्हणायच्या, नर्सबाई आता रुबाबात बघत्यात. तू हसायचीस. मला हसू यायचं नाही.

डॉक्टरांनी दुचाकी कायमची बंद केली. एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही भरवशाची नाही. तुझ्या हाताखालच्या वस्त्या नदीकाठानं इनामगावपर्यंत पांगलेल्या. आप्पांचं म्हणणं सरळ होतं: ऑफिसातलं काम मागून घे, शिरूरला नाहीतर पुण्याला टेबलावर बस. तू म्हणालीस, दारात गाडी उभी हाय की. ती गाडी आप्पांनी कुरकुंभच्या कंपनीचा बोनस घालून जुनीच घेतलेली, फिकट निळी. सुट्टीच्या दिवशी विहारामागच्या मोकळ्या जागेत त्यांनीच तुला ती शिकवली होती, तुझी मान चांगली होती तेव्हा. पण आता ते ऐकेनात. "ज्याला मागं वळून बघता येत न्हाई त्यानं गाडी चालवायची न्हाई," ते म्हणाले. "ह्यात रागवायसारखं काय हाय? तुझ्याच जिवासाठी सांगतोय." तू ताटं पुसत होतीस. तू म्हणालीस, "मागं बघायला मान कशाला लागती? आरसा कशाला हाय मग?"

पण तो आरसा! छपराला दोन स्क्रूंनी लटकलेला, हातभर अंतरावरूनही त्यात मागच्या काचेचा तुकडाच दिसायचा, आणि गाडी चालू झाली की तो थरथरायचा. त्यात मागचा ट्रक आहे की झाड, हे मला शेजारी बसूनही कळायचं नाही. तुझ्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरसाहेबांनी त्या वर्षी आपल्या ह्याच गाडीचं नवीन मॉडेल घेतलं. एकदा त्यांच्याबरोबर शिरूरला मीटिंगला जाताना तू पुढं बसलीस आणि परत आल्यावर दुसरं काही बोलेचनास. त्यांचा आतला आरसा रुंद, त्यात मागची अख्खी काच दिसते, बाजूचे कोपरेसुद्धा दिसतात, आणि तो हलत नाही. "मी मान न हलवता सगळा रस्ता बघितला," तू म्हणालीस. गाडी तीच, कंपनी तीच, मग आरसा का बसणार नाही? पुढच्याच बाजारच्या दिवशी तू मला घेऊन शिरूरला गेलीस. आप्पा पहिल्या पाळीला होते.

गाड्यांच्या काचा बसवणारा तो माणूस आधी नको म्हणाला. जुन्या आरशाची भोकं छपरात, नव्याची बैठक काचेवर चिकटवायची, आणि आपली काच वेगळ्या उताराची. "बसंल, पर मॅचिंग न्हाई व्हायचं, बाई," तो म्हणाला. तू म्हणालीस, "मॅचिंग मला लग्नात मिरवायचंय का? बसव." त्यानं काच घासली, डिंकासारखं काहीतरी लावलं, बैठक दाबून धरली. तू ड्रायव्हरच्या जागेवर बसलीस, आरसा थोडा खाली, थोडा डावीकडं केलास. आणि मग तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. किती दिवसांनी तुला तुझ्या पाठीमागचं जग दिसत होतं. मला मात्र त्या डिंकाची काळजी लागली. येताना सगळ्या वाटेत मी आरशात नाही, आरशाकडं बघत होते.

आप्पांनी तो लगेच पाहिला. बोटानं दाबून बघितला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुला कॉलेजला सुट्टी आसंल तवा तिच्यासंगं जात जा. मागं ध्यान ठिव." आई, त्यांनी हे सांगितलं आणि मला जी धास्ती बसली ती पुढं सगळा उन्हाळा गेली नाही. तू गाणं गुणगुणत चालवायचीस आणि मी दर थोड्या वेळानं मागं वळायचे. तू म्हणायचीस, "आगं, मला दिसतंय. तुझी पन मान धरंल." मला वाटायचं, मी एकदा वळले नाही आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर?

आणि मग ती दुपार आली. इनामगावच्या पलीकडच्या वस्तीवर एका मेंढपाळ घरातली सून अडली होती, पहिलटकरीण. मूल आडवं होतं. तू पोटावर हात ठेवलास आणि तुझा चेहरा एकदम कामाचा झाला. सरकारी जीप दुसरीकडं गेलेली. तू तिच्या सासूला म्हणालीस, "मावशे, हितं व्हायचं न्हाई. दौंडला न्यावं लागंल. आत्ताच्या आत्ता." सासू घाबरून गाडीकडं बघत राहिली. घरातले पुरुष मेंढरांमागं गेलेले. "कोन चालवनार?" "मी," तू म्हणालीस. मागच्या सीटवर सुनेला आडवं केलं, सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मागच्या काचेपाशी दोन गोधड्या आणि उशा. मागची काच पार झाकून गेली. मी तुझ्याजवळ पुढं बसले. ऊन असं होतं की दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता.

पुलाच्या थोडं अलीकडं आरसा पडला. खळ्ळ असा आवाज झाला आणि तो तुझ्या मांडीवरून खाली, पायांपाशी गेला. उन्हानं डिंक सुटला होता. तू ब्रेक दाबून धरलास, फक्त म्हणालीस, "काढ तो तिथनं, पायात येईल." मी वाकून काढला. चिरला होता. मागं सून कण्हत होती, सासू काहीतरी नवस बोलत होती. मी म्हणाले, "आई, थांब. कुणालातरी बोलवू." तू म्हणालीस, "कुनाला?" आणि गाडी पुलावर घातलीस.

तो जुना पूल, तुला आठवतच असेल, एका वेळी एकच वाहन जाईल एवढा. कठडा गुडघ्याएवढा. आपण जवळजवळ अर्ध्यावर आलो आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर पुलावर चढला, मागं दोन ट्रॉल्या. त्यानं हात वर करून दाखवला, दोन ट्रॉल्या मागं घेता येत नाहीत. बरोबरच होतं. मागं आपल्यालाच जायचं होतं. तुझी मान वळत नव्हती, आरसा माझ्या मांडीवर चिरलेला पडला होता, आणि मागची काच गोधड्यांनी भरलेली. तुझ्या दाराबाहेरचा तेवढा एक छोटा आरसा उरला होता. डाव्या बाजूला तर आपल्या गाडीला आरसाच नव्हता. तू स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवलेस आणि म्हणालीस, "उतर. माझ्या बाजूनं मागं चाल. मला तू दिसली पायजेस. जिकडं मला दिसतीस तिकडंच ऱ्हा, आन् हातानं दाखव."

मी उतरले. मी पुलावरून उलटी चालत होते आणि त्या छोट्या आरशात तुझे डोळे होते, बाकी काही नाही. मी हात उजवीकडं केला की गाडी उजवीकडं यायची, डावीकडं केला की डावीकडं. मधेच माझा हात चुकला असावा, मागचं चाक कठड्याला घासलं, सासू ओरडली. मी "थांब!" म्हणून किंचाळले. तू थांबलीस. खिडकीतून हात बाहेर काढून शांत म्हणालीस, "घाई करू नगंस. मी तुझ्याशिवाय हलत न्हाई." माझ्या पाठीमागं मोटारसायकलवाले येऊन थांबले होते, त्यांना मी रडतच मागं सारलं. पुलाच्या तोंडाशी मातीवर गाडी आली तेव्हा मी तिथंच खाली बसले. ट्रॅक्टरवाला जाताना म्हणाला, "बाईमानूस हाय व्हय चालवायला!" तू त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. बघायला मान वळायला हवी होती ना.

दौंडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. सासूनं तुझ्या पायावर डोकं ठेवलं, तू तिला उठवून चहा पाजलास, तिच्या चुलीची, मेंढरांची चौकशी केलीस. तोवर तू नेहमीची नर्सबाई होतीस. मग आपण गाडीत येऊन बसलो, तू चावी लावलीस, आणि ती फिरेचना. चावी ठीक होती. तुझी बोटं फिरत नव्हती. "मला लई भ्या वाटलं गं," तू म्हणालीस. "अजून वाटतंय. तू मागं व्हतीस. माझा पाय जरा जरी चुकला आसता तर..." मला तोवर वाटत होतं की गाडीत घाबरणारी मी एकटीच आहे. मी तुला पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर तू आप्पांना सगळं स्वतःच सांगितलंस. चिरलेला आरसा त्यांच्यापुढं ठेवलास आणि म्हणालीस, "तुमी म्हनता ते खरं आसंल. पर ती पोरगी वाचली." आप्पांनी आरसा उलटा करून सुटलेला डिंक खरवडून बघितला. मला वाटलं, आता गाडी विकणार. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून आले, जेवले, आणि तुला म्हणाले, "तुझा तो गळ्यातला पट्टा कुठाय?" तू कपाटातनं काढून दिलास. त्यांनी तो स्वतःच्या गळ्यात घातला, घट्ट आवळला, आणि गाडी घेऊन विहारामागच्या जागेत गेले. आपण दोघी कुंपणाशी उभ्या. ते पुढं गेले, वळवली, मागं घ्यायला लागले. एकदा खुणेसाठी ठेवलेला ड्रम पाडला. पुन्हा मागं घेतली, पुन्हा थांबले. बाहेर आले तेव्हा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. पट्टा काढून तुझ्या हातात दिला. "अशी चालवतीस तू?" एवढंच म्हणाले. मग डाव्या दाराला हात लावून, "डाव्या बाजूला बी एक बसवू. नव्या मॉडेलला आसतो."

पुढचं काम त्यांनी कुणावर सोडलं नाही. नवा रुंद आरसा आणला, लोखंडी पट्टी कापून घेतली, छपराच्या पत्र्याला आरपार बोल्ट मारले. डाव्या दाराला भोकं पाडून दुसरा आरसा बसवला. आरशाला लोंबकळलं तरी निघणार नाही इतका पक्का झाला होता. मग तुला बसवून स्वतः गाडीभोवती फिरत राहिले. "हितं दिसतोय का? आन् हितं?" तू म्हणायचीस, "दिसताय." एका जागी तू म्हणालीस, "आता न्हाई दिसत." ते तिथंच उभे राहिले आणि म्हणाले, "ही जागा ध्यानात ठिव." निवृत्तीपर्यंत तू ती गाडी चालवलीस. माझी काळजी काही गेली नाही, पण बाहेर पडताना आप्पा फडक्यानं तिन्ही आरसे पुसून द्यायचे, ते बघितलं की जरा हलकं वाटायचं.

आणि मग पुण्याच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं तो दिवस. डॉक्टर म्हणाले होते, आता इलाज नाही, घरी न्या. आप्पांनी दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. तू मागं, तुझं डोकं माझ्या मांडीवर. हडपसर सुटल्यावर त्यांनी आतला आरसा खाली वळवला. त्यात आता मागचा रस्ता नव्हताच, आपण दोघी होतो. तुला ते कळलं. "काय बघताय?" तू विचारलंस. "मागची गाडी," ते म्हणाले. "मागं गाडी न्हाई. मी हाय." "तेच," ते म्हणाले. यवतपर्यंत तुमचं असंच चाललं होतं.

आता आप्पांना ऐकू कमी येतं. दारातून विचारतायत, काय लिहितीस एवढं. विजेच्या बिलाची तक्रार लिहितेय म्हणून सांगितलं. हे कागद मी गादीखाली ठेवीन, काही दिवसांनी फाडीन. पण एक तुला सांगायचं राहिलंय. त्या दिवशी सोलापूर रोडला मागून ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होते, आणि आप्पा बाजूच्या आरशांतही बघत नव्हते. मागं बघायचं काम माझं होतं. मी एकदाही वळले नाही, तुम्हा दोघांकडंच बघत राहिले. आणि आई, मला भीतीसुद्धा वाटली नाही.