पूनमचा वाटा

मेहरूण, जळगाव
२४ मार्च २०२५

ती. सौ. कुंदाबाई यांस,
चारुलताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, गार्गी आजारी नाही. फोन करावा तर तुम्हाला कमी ऐकू येतं, मला मोठ्यानं बोलावं लागतं, आणि मी मोठ्यानं बोलले की तुमची नात दाराआड येऊन उभी राहते. तिनं ऐकू नये असं सांगायचंय, म्हणून पोस्टातून पाकीट आणलं.

या घरात लग्न होऊन आले त्याला दोन महिने होत आले. पोर माझ्याशी भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पण सकाळी काही खात नाही. पोळी, उपमा, शेवया, काहीही पुढे करा, तिला आईचा ब्रेड पाहिजे. पूनमताई गेल्यापासून त्यांचं ब्रेडचं मशीन ओट्याच्या कोपऱ्यात कापडाखाली होतं, ते मी पुसून काढलं. आमच्या यावलला ब्रेड म्हणजे आजारी माणसाचं खाणं, घरी कोणी केलेला मी पाहिला नव्हता. यांना विचारलं, तर म्हणाले की ती त्यात काहीतरी टाकायची आणि सकाळी तयार निघायचा. इतक्या वर्षांच्या संसारात एवढंच लक्षात राहिलंय.

पहिला ब्रेड छान फुगला आणि माझ्या डोळ्यांदेखत मधोमध खचला. आत कच्चा, वर आंबूस वास. दुसऱ्या वेळी खमीर कमी घातलं, तर वीट निघाली. यांनी ती दाराला टेकण म्हणून लावून बघितली आणि एकटेच हसले. गार्गी हसली नाही. तिनं ब्रेड उलटा केला. मशीनचं पातं जिथे असतं तिथे खाली भोक राहतं, त्यात बोट घातलं, आणि ब्रेड ठेवून दिला.

पूनमताई कसा करायच्या, तुम्हाला आई म्हणून काही बोलल्या असतील तर कळवा. मला त्यांची जागा घ्यायची नाही. पोरीनं खावं, एवढंच.

नानांना नमस्कार. लोभ असू द्या. माझ्या वाट्याला येईल तेवढा पुरेल.

आपली,
चारुलता


देवपूर, धुळे
२९ मार्च २०२५

चि. सौ. चारुलता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर चांगलं आहे. मी जन्मभर मुलांची अक्षरं तपासली, त्यामुळे आधी तेच बघते; राग मानू नकोस.

पूनम हा उद्योग तिकडेच शिकली. इथे असताना ती चहाचं पातेलंसुद्धा घासत नसे. तरी तुझ्या ब्रेडचं काय बिघडतंय ते मला कळतं. चैत्राच्या तोंडावर कुरडईचा चीकसुद्धा बघता बघता आंबतो, मग तुझं पीठ का नाही आंबणार? साधं पाणी घेऊ नकोस, माठातलं गार घे. मीठ खमिरावर टाकू नकोस, दोन्ही दोन कडांना टाक. नानांना हे वाचून दाखवलं तर ते माझ्यावरच चिडले. म्हणे, पोर भुकी शे अन तुम्ही पीठ-पानीन्या गप्पा लिखी ऱ्हायनात. त्यांचं चूक नाही.

आता एक सांगते, ते मनावर घे. लग्नात तुझ्या गळ्यात पूनमच्या नावाचा चांदीचा टाक घातला, तो नुसता मिरवायला नाही. दुसरेपणाच्या घरात पहिलीचा वाटा आधी निघतो. ब्रेड असो की भाकरी, पहिला तुकडा ताटलीत घालून तिच्या फोटोपुढे ठेव. गार्गीच्या देखत ठेव. आई जेवल्याशिवाय या घरात कोणी जेवत नाही, असं तिला सांग. आपल्या आईला कोणी विसरलं नाही हे तिला दिसलं, की ती तुझ्या हातचं खाईल.

आणि हेही लिहून ठेवते. अक्षय्यतृतीयेपर्यंत, आपल्या आखाजीपर्यंत, पोर सुधारली नाही, तर माझ्या ज्ञानेश्वरला मुऱ्हाळी म्हणून तिला न्यायला पाठवीन. लेकी आखाजीला माहेरी येतात, तशी नात येईल. मात्र ती परत जायला येणार नाही. इथल्या शाळेत तिचं नाव घालू. आमच्या जावयांना, प्रेमराजरावांना, मी समजावीन.

तब्येतीला जप. माया आहेच, ती कशी वापरायची ते तुझ्या हातात.

कुंदाबाई


मेहरूण, जळगाव
९ एप्रिल

ती. सौ. कुंदाबाई यांस,
शि. सा. न. वि. वि.

माठाच्या पाण्यानं काम झालं. ब्रेड वरपर्यंत आला, तिथेच थांबला आणि खचला नाही. इतका सुरेख वास सुटला की शेजारच्या जुबेदाभाभी वाटी घेऊन आल्या. त्यांना वाटलं, मी नानखटाई केली. पूनमच्या वेळी असाच वास यायचा, असं त्या बोलून गेल्या.

तुम्ही सांगितलं तसंच करतेय. पहिला तुकडा पूनमताईंचा. गार्गीला जवळ बसवून सांगितलं. तिनं शहाण्यासारखी मान हलवली आणि फोटोपुढे मांडी घालून बसली. मला वाटलं, जिंकलं. पण ती बसूनच राहिली. हे ऑफिसला गेले, शाळेची रिक्षा आली, तेव्हा ती उठली आणि न खाता गेली. रोज तसंच चाललंय. आधी फक्त सकाळचं खायची नाही, आता रात्रीच्या जेवणालाही हात लावत नाही. दूध तेवढं पिते. तिच्या बाई म्हणाल्या की शाळेत खिचडी मात्र मागून घेऊन खाते. म्हणजे भूक आहे. माझ्या घरात ती भूक कुठे जाते?

अजून एक आहे. लिहू की नको असं झालंय. परवा दुपारी लाइट गेली आणि आली. लाइट आली की मशीन आपोआप टूं टूं करतं. गार्गी आतल्या खोलीतून धावत आली आणि मला म्हणाली, हळू बोला, आई उठली. काल मी गच्चीवर पापड वाळत घालून खाली आले, तर मशीन चालू होतं. आत पीठ नाही, पाणी नाही, नुसतं पातं थडथड फिरतंय आणि ही त्याला गाल लावून डोळे मिटून बसलेली. मी बटण बंद केलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोणाचं तोंड दाबलं.

तेव्हापासून मलाही ओट्याशी पाठ करून उभं राहवत नाही. ब्रेड केलेला नसतानाही वास येतो. हे म्हणतात, भिंतीला लागला असेल. असेल.

रागावू नका. तुमच्याशिवाय हे मी कोणाला लिहू?

आपली,
चारुलता


देवपूर, धुळे
१४ एप्रिल

चि. सौ. चारुलता हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ताटावरून उठले. नानांनी काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर पाणीपट्टीचं आहे असं सांगितलं.

रागावले नाही. तुझा हेवा वाटला. माझी लेक मला एकदा स्वप्नातही दिसली नाही, आणि तुझ्या ओट्यावर ती थडथडते. त्या मशीनला गाल लावायला मीही आले असते.

पण पोर वाळत चाललीय, आणि ते मी बघत बसणार नाही. ज्ञानेश्वर आखाजीच्या आदल्या दिवशी पहिल्या एसटीनं निघेल. गार्गीचे कपडे धुऊन ठेव, शाळेचा दाखला नंतर बघू. मुऱ्हाळ्याला रिकामं पाठवत नाहीत, हे तुला यावलच्या माणसांनी शिकवलं असेलच.

तोवर पूनमचा वाटा चुकवू नकोस. एक दिवससुद्धा नाही.

कुंदाबाई


मेहरूण, जळगाव
२१ एप्रिल

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पहिल्यांदाच असं लिहिलं. आवडलं नाही तर खोडा.

मला कळलं. काल सकाळी ब्रेड करायला मशीनचं झाकण उघडलं, तर भांड्यात तुकडे होते. आदल्या दिवसांचे, काही कडक, काही बुरशी आलेले. फोटोपुढच्या ताटलीतले. हे संध्याकाळी तो तुकडा गाईला घालतात असं मी समजत होते. यांना वाटत होतं, मी उचलते. उचलत होती ती. मी तिला रागावले नाही, नुसती शेजारी बसले. मग तिनं सांगितलं. आई फोटोतून जेवत नाही, कारण ती फोटोत नाहीच, मशीनमध्ये आहे. म्हणून तिचा तुकडा ती तिथे नेऊन देते. तरी आई खात नाही. आणि आईचं झाल्याशिवाय आपण जेवायचं नाही ना?

आई, ती माझ्यावर रुसलेली नव्हती. ती वाट बघत होती. मीच तिला सांगितलं होतं, शब्दाला शब्द, तुम्ही लिहिलं तसं. शाळेत फोटो नाही, ताटली नाही, म्हणून तिथे ती पोटभर खाते.

मी म्हटलं, बाळा, आई जेवली. तर ती उठली आणि भांड्यातले तुकडे मला दाखवायला लागली.

आजपासून वाटा काढणं बंद करते, असं मला म्हणता येत नाही. गळ्यात हा टाक आहे. सावत्र आली आणि मेलेल्या आईचं ताट उचललं, असं ती मोठी झाल्यावर म्हणेल, आणि तिचं बरोबर असेल. हे तर ऐकून खुर्चीवर बसले ते बसलेच. हा वाटा तुम्हीच थांबवू शकता.

गार्गीला न्यायचं तर न्या. तुमचा हक्क माझ्याहून जुना आहे. पण तिथेही तुम्ही फोटोपुढे ताटली ठेवणारच ना?

कपडे धुतलेत. घडी घालून ठेवायला हात होत नाही.

तुमची,
चारुलता


देवपूर, धुळे
२५ एप्रिल

चि. चारू,

ताटली मी ठेवते, हे तू कसं ओळखलंस? पूनम गेली त्या महिन्यापासून ठेवते. नानांनाही मी सकाळी सांगते की चिमण्यांसाठी आहे.

ज्ञानेश्वर ठरल्या दिवशी येईल. गार्गीला आणायला नाही. आखाजीला लेक माहेरी येते, नात नाही. तिला जवळ घेऊन सांग की मामा तुझ्या आईला न्यायला आलाय. आईचं माहेर आहे, तिला किती दिवसांत आजीच्या हातचं मिळालं नाही. ती ताटली, त्यातला तुकडा आणि तुझ्या गळ्यातला टाक, तिन्ही गार्गीच्या हातानं मामाला दे. टाक काढताना कचरू नकोस, माझ्या सांगण्यावरून काढतेयस. आईचं जेवण आता आजीकडे, असं सांग. मशीन तिथेच राहू दे, आता ते तुझं.

मी मास्तरीण, मुलं शब्दाला शब्द धरतात हे मला ठाऊक असायला हवं होतं.

तुझी आई


२९ एप्रिल, ज्ञानेश्वरभाऊंच्या हाती

ती. आईस,
सा. न. वि. वि.

भाऊ चहा पिताहेत तेवढ्यात चार ओळी. गार्गीनं स्वतः ताटली फडक्यात बांधली. भाऊंना बजावलं की आईला खिडकीजवळ बसवा, तिला बस लागते. भाऊ बरं म्हणाले. मग मला विचारलं, आई गेली की मशीन रिकामं का? मी म्हटलं, रिकामं. तिनं झाकण उघडून आत बघितलं. मग ब्रेड कापायला सांगितला, आणि तो कोणापुढेही न ठेवता उभ्या उभ्या खाल्ला. माझ्याकडे पाठ करून, पण खाल्ला. आता दुसरा तुकडा मागतेय.

यासोबत एक अख्खा ब्रेड पाठवते, आखाजीला पूनमताईंच्या नावानं घागर भराल तिच्यावर ठेवायला.

चारू


देवपूर, धुळे
२ मे २०२५

चि. चारू आणि चि. गार्गी, दोघींना पोटभर आशीर्वाद.

ज्ञानेश्वर फडकं मांडीवर धरून आला. पारोळ्याला कोणी बाजूची जागा मागितली, तर यानं भरलेली आहे म्हणून सांगितलं. लोकांनी वेडा ठरवला असेल.

आखाजीला नानांनी घागर भरली. वर डांगराचं फळ, आमरस, पुरणपोळी, आणि तुझा ब्रेड. टाक देव्हाऱ्यात ठेवला. भावकीतल्या कोणीतरी विचारलं की हे पावाचं काय नवीन? नानांनी त्यांना सुनावलं, मन्ही पोरले आवडे. त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालेलं नाही, पण एवढं निघालं.

इथून पुढचं गार्गीला वाचून दाखवू नकोस.

सगळे गेल्यावर मी पूनमचं ताट वाढलं आणि समोर बसले. कूलर बंद केला. मला ऐकू कमी येतं ना, म्हणून. नानांचं जेवण झालं. त्यांनी मला हाक मारली, ती मी ओठांवरून ओळखली. मी म्हटलं, तिचं व्हायचंय अजून. बराच वेळ ते दारात उभे होते. काल सकाळी पुन्हा ताट वाढलं, आजही वाढलं. ते आपला चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतात आणि तो निवून जातो. गार्गी शाळेत तरी जेवायची. आम्हाला कुठे शाळेत जायचंय?

गार्गी विचारेलच. तिला सांग, आईनं सगळं संपवलं. ताटात काही ठेवलं नाही.

माया ठेव. इथे ती कमी पडू लागली, तर मागून घेईन.

तुझी आई