खांबाकडे पाहून

रवि., १ फेब्रु.
दोनदा साबण लावला, हाताचा वास जात नाही.

दुपारी जेवणं झाली होती. नितीनदादा सिलतऱ्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला, झोप अर्धी. अंगणात नळावर लोट्यानं पाणी घेऊन हात धूत होता. ज्योतीवहिनी दोरीवरचे कपडे काढत होती, पाठमोरी. म्हणाली, "भावाच्या पोरीचं बारसं हाय. गोंदियाले जाऊन येते दोन दिवस." दादा म्हणाला, नाही. ती म्हणाली, "तिकीट काढलं मी."

एवढंच. लोटा आला. ती तेव्हाच वळली. उजव्या डोळ्यावर. आवाज लोट्याचा नव्हता, हाडाचा होता.

दादानंच तिला उचललं. ऑटोत मांडीवर घेऊन बसला. "हातून निसटला गं ज्योती, हातून निसटला." खरंच रडत होता. मी माझी ओढणी तिच्या डोळ्यावर दाबून धरलेली. ओढणी गरम होत गेली.

बाबा ओट्यावर होते, आई दारात, मी तिच्या शेजारी. तिघांनी पाहिलं. आई म्हणते, हात ओला होता. बाबा म्हणतात, "तो तर पपईकडं पाहून राहिला होता. तिच्याकडं नजरच नोहोती त्याची."
खरं आहे. पपईच्या झाडाकडंच पाहत होता. मीही पाहिलं.

सोम., २
ऑफिसला गेले नाही. डॉक्टर म्हणाले बुबुळ फाटलंय, टाके घातलेत. दिसेल की नाही ते पट्टी निघाल्यावर. गालाचं हाड मोडलंय ते वेगळं.

वहिनीचा भाऊ विनोद सकाळच्या गाडीनं गोंदियाहून आला. वॉर्डात शिरला, सरळ दादाच्या कानाखाली मारली. मग दुसरी. सलाईनचा स्टँड पडला. दादानं हात उचलला नाही, नुसता उभा. वॉर्डातले लोक दादाच्याच बाजूनं बोलायला लागले. "अरे भैया, गलती से हुआ है, बेचारा खुद रो रहा है."

विनोद पोलीस थान्यात गेला, रिपोर्ट लिहून आला. शुक्रवारी घरातल्या सगळ्यांचे बयान, जबाब.
बाबा: "जे दिसलं ते सांगायचं. निसटला." बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना तेच दिसलं.

मंगळ., ३
पपई डोळ्यासमोरून जात नाही. लिहून टाकते.

रेल्वे क्वार्टरच्या मागं नाली आणि कंपाउंडची भिंत, मधे आमचं लहानपणीचं मैदान. गेंद विकतची कधीच नव्हती. बाबांच्या फाटक्या बनियनच्या चिंध्या दाबून दाबून गोळा करायचा आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचे रबर चढवायचे, एकावर एक. गेंद दगडासारखी व्हायची. खेळाचं नाव मारमपिट्टी. ज्याच्या हाती गेंद, त्यानं मारायचं, बाकीच्यांनी पळायचं. सलग तीनदा लागलेल्याची 'भिंत': भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, प्रत्येकानं एकेक गेंद पाठीत. रडला की बाद. घरी सांगितलं की कायमचा बाद, मग त्याच्याशी कोणी बोलायचंसुद्धा नाही.

पाठीवर गोल निळे डाग उठायचे. न्हाणीत मी बोटानं दाबून पाहायची, दुखलं की बरं वाटायचं. मुलगी म्हणून मला सूट नव्हती. याचा मला केवढा अभिमान.

सगळ्यांत जास्त भीती दादाची. बाकीची पोट्टी ज्याला मारायचं त्याच्याकडं बघत, म्हणून चुकवता यायचं. दादा मैदानाच्या कडेच्या दिव्याच्या खांबाकडं बघायचा. मान तिकडं, डावा पाय पुढं, मनगट किंचित आत. आणि गेंद तुमच्या कानावर. पुढं पुढं सगळ्यांना कळलं. त्यानं खांबाकडं पाहिलं की कोणीतरी ओरडायचं, "खंभा देखत हे रे, भाग!" आणि आम्ही नालीत उड्या मारायचो. घाणीत, गुडघे फोडून घेत.

बाबा ड्यूटीवरून येताना थांबायचे. "हात पाहा पोट्ट्याचा." त्यांना हात दिसायचा. मान कुठं आहे ते बाहेर उभं राहून दिसत नाही. ज्याला लागते त्यालाच ते कळतं.

रविवारी मान पपईकडं होती. डावा पाय पुढं होता.

बुध., ४
अभनपूरकडच्या गावात संस्थेची बैठक होती, टाळता आली नाही. महिलांचा गट, विषय नेहमीचाच: मारहाण, कायदा, कुठं जायचं. पोस्टर लावलं. मी नेहमी बोलते तसंच बोलले, आतून. आमच्या घरात पहिली पदवी माझी. मला वाटायचं, शिकले ते याचसाठी. म्हटलं, जे डोळ्यांनी पाहिलं ते घाबरता सांगायचं. मग दुरुस्त केलं, न घाबरता. बाया हसल्या.

मागची एक म्हातारी म्हणाली, "अपन घर के बात ला घलो, दीदी?"
मी म्हटलं, हव. घरची पण.
आवाज बरोबर निघाला. पोस्टर गुंडाळून पिशवीत घातलं.

गुरु., ५
सकाळी वॉर्डात. वहिनीचा अर्धा चेहरा जांभळा, ओठ सुजलेला. तिला पेज पाजली. मग म्हणाली, "ताई, तुमी तर समोरच होत्या. मी पाठमोरी. त्यायनं पाहिलं का माह्याकडं?"
मी म्हटलं, "नाही."
"मग निसटलाच असन. भाऊ उगाच तापून राहिला. मी घरीच येते, गोंदियाले नाही जात. माणसाच्या हातून होते कधी कधी."
आणि हसायला गेली, तर पट्टीखालून पाणी आलं. नर्स रागावली.

एक शब्द बोलले, तोही खरा. त्यावर ती त्या अंगणात परत येणार.

दुपारी भिलाईला गुड्डीला फोन केला. आमच्या मैदानातली गुड्डी, आता दोन पोरांची आई. आधी हसली. "मेरा दाँत याद है? तेरे भाई ने तोड़ा था, मम्मी को बोला सीढ़ी से गिरी." आजपर्यंत तिच्या आईला तेच माहीत आहे. मी विचारलं, तो बघायचा नाही आपल्याकडं, मग ते चुकून लागायचं का?
मागं कुकरची शिट्टी.
"चुकून?" या वेळी मराठीत बोलली, ती मराठी फार कमी बोलते. "त्याची एकपण गेंद नाही चुकली, मनू."
मग लगेच, "देख, मेरा नाम मत लेना कहीं. मैंने कुछ नहीं बोला."
घरी सांगितलं की कायमचा बाद. अजून चालू आहे.

दादाला फक्त वाईट म्हणून लिहू शकत नाही, तेही लिहून ठेवते. मी आठवीत असताना एक पोरगा शाळेच्या वाटेवर माझी ओढणी ओढायचा. दादानं त्याला मैदानात बोलावलं, खेळायला म्हणून. खांबाकडं पाहिलं. गेंद गळ्यावर बसली, पोट्टा जमिनीवर पडून मासळीसारखं तोंड उघडत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. पुन्हा तो त्या वाटेला दिसला नाही. माझी कॉलेजची फीसुद्धा दादानंच भरली.

संध्याकाळी अंगणात तोच होता. आई देवापाशी. लोटा धुऊन पुसून पुन्हा नळाजवळ ठेवलाय कोणी तरी, पोचा पडलाय त्याला. दादानं पाणी भरलं, प्याला, लोटा हातातच.
"मने, उद्या काय सांगशीन?"
"जे पाहिलं ते."
"काय पाहिलं?"
मी दोरीवरचे चिमटे काढायला लागले.
"आपण दोघं एकाच मैदानातले न," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "तुले माहीत हाय मी कसा हाय ते. तुह्यासाठी काय काय केलं."
हे बोलताना तो पपईकडं पाहत होता.
मी दाराआड गेले होते. कधी गेले ते कळलं नाही, पायच गेले. दाराच्या फटीतून पाहिलं तर तो लोटा खाली ठेवत होता, अलगद. आणि रडत होता. तेही खरं असणार.

शुक्र., ६
थान्याच्या बाकावर बसून लिहितेय. बाबांचं झालं. बाहेर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नको. साहेब चांगले हायेत. जे दिसलं ते सांग." आईचं चालू आहे.

विनोद दाराशी उभा. मघाशी जवळ येऊन म्हणाला, "ताई, ज्योती केस मागं घ्या म्हणून राहिली. तुमी सांगितलं म्हणते, त्यानं पाहिलंच नाही म्हणून." रागानं नाही म्हणाला. विचारत होता.

आत कसं सांगायचं ते मनात जुळवून पाहतेय. साहेब, तो तिच्याकडं पाहत नव्हता, म्हणूनच. हे असं कोण लिहून घेईल? म्हणतील, दीदी, साफ साफ बोलिए, देखा कि नहीं देखा. मग खांब सांगावा लागेल. नाली, भिंत, गुड्डीचा दात, तो गळ्यावर लागलेला पोरगा, माझ्या टाळ्या. आणि बाबा बाहेर बसून सगळं ऐकतील, त्यांनी इतकी वर्षं कौतुकानं पाहिलेलं.

नाही सांगितलं तर वहिनीची पट्टी निघेल आणि ती त्याच दोरीखाली उभी राहील, पाठमोरी. अजून एक डोळा आहे तिला.

आई बाहेर आली. पदरानं तोंड पुसतेय. हवालदारानं माझं नाव पुकारलं. एवढं लिहून वही मिटते.

दादा समोरच्या बाकावर आहे. खिडकीबाहेर विजेचा खांब आहे, त्याकडं पाहतोय.