क्रोएशियनचा गुडघा

जेद्दा, गुरुवार, मार्च २००३

हात दुखतायत, तरी लिहितो. क्रोएशियाचा तो नामांकित स्ट्रायकर मी मालिश करतो त्या फुटबॉल क्लबात ट्रायलला आलाय. त्याचे गोल मी रत्नागिरीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलेत. आज तोच माझ्यासमोर मालिशला आडवा! उजवा गुडघा हातात घेतला आणि कळलं, आत पाणी झालंय.

तोही समजला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "डॉक्टरला सांगू नकोस. एकच सीझन खेळायचंय."

गप्प बसलो असतो तर त्याला करार मिळाला असता. त्याच्या पोटावर पाय देणारा मी कोण? पण तो गुडघा! मैदानात निसटला तर जन्माचा लंगडा. शेवटी बोललोच, "तुम्ही माझे भाऊ असतात, तर तुम्हाला खेळू दिलं नसतं."

 तो उठला आणि लंगडत स्वतःच मॅनेजरच्या खोलीत गुडघ्याचं सांगायला गेला. परत आला तेव्हा इथल्या अरबीत एवढंच म्हणाला, "खलास."

मला वाटलं, आता बॅग उचलून निघेल. बरं केलं की वाईट, अजून कळत नाही. पण तो पुन्हा टेबलावर आडवा झाला.

"अर्धी मालिश राहिलीय," म्हणाला. "सावकाश कर. आता कुठे पळायचंय?"